हळदीकुंकवात कायद्याची गोष्ट निघाली तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एका वकील बाईंनी गर्भपाताच्या कायद्यावर भाषण ठोकलं, समोर कॉलेजच्या मुली बसल्या होत्या, सवाष्णींच्या कार्यक्रमात असले अभद्र विषय हवेत कशाला, आणि या वकिलांना कोर्टात कामं नाहीत का, असा एकंदर सूर होता. मी त्या कार्यक्रमाला होते. पत्र लिहिणारे नव्हते, पुरुषांना बोलावणंच नव्हतं, म्हणजे घरून ऐकून लिहिलेलं दिसतंय. तर जी होती तिचंही जरा छापा.

आमचं इंदूरात रामबागेकडे मेडिकलचं दुकान आहे. मी डी.फार्म केलेलं आहे, काउंटरवर मीच बसते, मिस्टर खरेदीचं आणि हिशोबाचं बघतात. तर हा जो अभद्र विषय म्हणतात तो माझ्या काउंटरवर नेहमीच येत असतो. येतो तोही बहुतेक वेळा पुरुषांच्या तोंडून. कधी नवरा, कधी दीर, कधी कॉलेजचा पोरगा हेल्मेट न काढता. बाजूचं गिऱ्हाईक जाईपर्यंत विक्सची डबी उलटीपालटी करत उभं राहायचं, मग पुढे वाकून म्हणायचं, "मैडम वो... किट मिलेगी?" कसली किट हे ना तो सांगतो ना मी विचारते. मी फक्त डॉक्टरचा पर्चा मागते. पर्चा म्हटलं की निम्मे मागच्या मागे निघून जातात, आणि मला माहिती आहे ते कुठे जातात, जिथे बिल न देता छापील किमतीच्या वर पैसे घेऊन ती मिळते तिथे. बाई घरी. तिला किती दिवस झालेत, सोनोग्राफी झाली का, अंगात रक्त किती आहे, कोणी विचारत नाही. गर्भपाताच्या या किटमधे एक गोळी मिफेप्रिस्टोनची आणि चार मिसोप्रोस्टॉलच्या, नऊ आठवड्यांच्या आत आणि डॉक्टरच्या सल्ल्याने घेतल्या तर चांगलं सुरक्षित औषध आहे हे, पण गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो निघत नाही, नळी फुटते आणि बाई जीवानिशी जाऊ शकते. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात 2018 साली एक अभ्यास आला होता, त्यात देशात 2015 या एका वर्षात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले असं काढलं होतं, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या आणून. म्हणजे ज्या विषयाने हळदीकुंकू बाटलं म्हणतात तो घराघरात आहेच, फक्त बोलायचा नाही.

आता वकील ताईंबद्दल. नाव लिहित नाही, त्यांना आवडणार नाही आणि ज्यांना माहिती आहे त्यांना माहिती आहे. जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतात, त्यात पोटगी आणि घरगुती हिंसाचाराच्या केसेस जास्त. बाकी वेळात वस्त्यांमधे जाऊन आशा ताईंना आणि नर्सबायांना कायदा समजावतात, त्याचे कोणी पैसे देत नाही. माझी ओळख दुकानातच झाली. एक गिऱ्हाईक होती, दोन मुलं, धाकटं अजून अंगावर पिणारं, पुन्हा दिवस गेलेले आठेक आठवडे. एका खाजगी नर्सिंग होमने तिला परत पाठवलं होतं, "पति को लेकर आओ, साइन लगेगी." नवरा ट्रकवर, तेव्हा तो गुवाहाटीकडे होता, यायला अजून पंधरवडा. सासूला सांगायची सोय नव्हती. ती माझ्याकडे किट मागायला आली होती, मी देत नव्हते, ती रडायला लागली, तेवढ्यात या ताई क्रोसिन घ्यायला आलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्या नर्सिंग होमला तिथूनच फोन लावला, स्पीकर ऑन केला आणि रिसेप्शनवरच्या मुलीला अगदी गोड आवाजात म्हणाल्या, मैडम तुमच्याकडे गर्भपाताच्या संमतीचा फॉर्म सी आहे ना तो काढा आणि मला वाचून दाखवा त्यात पतीची सही कुठे करायची ते. ती मुलगी बराच वेळ कागद शोधत होती. मग डॉक्टर स्वतः फोनवर आल्या, जरा चिडूनच, मग निवळल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली. भांडण नाही, नोटीस नाही, माझ्या मिस्टरांचा चहासुद्धा गार झाला नव्हता.

कारण कायद्यात तसं आहेच हो, आणि आजचं नाही, 1971 सालच्या एमटीपी, म्हणजे गर्भपाताच्या कायद्यापासून आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, बापाची नाही. पालकाची सही लागते ती अल्पवयीन मुलीसाठी आणि मानसिक आजार असलेल्या बाईसाठी. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमधे दोन डॉक्टर लागतात आणि ते पण ठराविक प्रकारच्या बायकांसाठी, म्हणजे बलात्कार झालेल्या, अल्पवयीन, अपंग, मधेच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या वगैरे. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. वीसची चोवीस ही मुदत 2021 च्या दुरुस्तीने झाली, आणि त्याच दुरुस्तीत बाईचं नाव भलत्या माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते असंही आलं. हे सगळं ताईंनी हळदीकुंकवाला सांगितलं, आणि वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्याऐवजी एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं ज्यावर हेच सोप्या हिंदी-मराठीत छापलं होतं. सद्गृहस्थांना त्या वाणाचाच जास्त राग आलेला दिसतो. मला विचाराल तर डबे आमच्याकडे माळ्यावर मावेनासे झालेत.

आणि हे म्हणे आपल्या संस्कृतीत नाही. अहो, आपल्या मराठी माणसाइतकं या विषयावर दुसऱ्या कोणी सोसलं असेल असं मला तरी वाटत नाही. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव कर्वे, 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्रोफेसरी गेली, मग 1927 पासून मरेपर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, म्हणजे सव्वीस वर्षं, आणि ते पण पदरचे पैसे घालून. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934 साली हायकोर्टात त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि संपादकाने त्यांची शास्त्रीय उत्तरं दिली, यात अश्लील काय, अशी त्यांची बाजू होती. केस हरले. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत, 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांनी तयार करून आपल्या पक्षाचे पी. जे. रोहम यांच्यामार्फत मांडला. तोही पडला. त्यांचं जन्मगाव महू आपल्याकडून तासाभरावर, दर चौदा एप्रिलला आपण तिथे गर्दी करतो, हार घालतो, पण त्या माणसाने बायकांच्या पोटावरच्या ओझ्यासाठी कोर्टात आणि सभागृहात दोन्हीकडे हार पत्करली होती हे आपल्या पोरांना कुठल्या भाषणात कोणी सांगत नाही. वकिलांना कामं नाहीत का म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

बाबासाहेब लांबचे वाटत असतील तर आपल्या एमजी रोडवरच्या हायकोर्टाचं सांगते. संदेश बन्सल नावाच्या कार्यकर्त्याने 2008 मधे इंदूर खंडपीठात जनहित याचिका टाकली होती, की मध्य प्रदेशात बाळंतपणात बायका मरतायत कारण दवाखान्यात माणसंच नाहीत, सोयी नाहीत. फेब्रुवारी 2012 मधे निकाल आला. बाई गरोदरपणात आणि बाळंतपणात जगू न शकणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं कोर्टाने म्हटलं, आणि सरकारला सांगितलं की दवाखाने नीट करा, प्रशिक्षित माणसं नेमा, वेळेत रेफर करायची व्यवस्था लावा, तक्रारी ऐकायची सोय करा. देशभरातले वकील हा निकाल दाखला म्हणून देतात. आणि इंदूरात? आमच्या मंडळात कोणाला म्हणजे कोणाला माहिती नव्हता, मलाही त्या दिवशीच कळला. स्वच्छतेत पहिला नंबर आला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, या निकालाचा एक फ्लेक्स मी पाहिलेला नाही.

बरं, हे काही हवेतलं नव्हतं. आपल्याच इंदूर विभागातल्या बडवानी जिल्ह्यात 2010 मधे आठ महिन्यांत वीसवर बाळंतिणी आणि गरोदर बायका गेल्या, बहुतेक आदिवासी. आदिवासी संघटनांनी मोर्चा काढला तेव्हा बाहेरून अभ्यासगट आला, त्यांच्या लक्षात आलं की या बायका एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नुसत्या ढकलल्या जात होत्या आणि शेवटचं नाव यायचं ते इंदूरचं, तिथून दीडेकशे किलोमीटर. 2018 ते 20 चे सरकारी आकडे बघा, एक लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 माता दगावल्या, आपल्या मध्य प्रदेशात 173, आणि महाराष्ट्रात 33. आमच्या घरात निम्मे नातेवाईक पुण्याला आहेत, भाषा तीच, आडनावं तीच, कुळाचार तेच, आणि फरक पाचपटीचा. मान्य आहे की या 173 मधे रामबागेतल्या बायका कमी आणि झाबुआ-बडवानीकडच्या जास्त असणार. पण त्यांना शेवटी आणतात आपल्याच गावात, आणि त्यांच्या नवऱ्यांना रात्री रक्ताच्या बाटलीसाठी इकडेतिकडे पळताना मी पाहिलंय. खरं तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे. फुकट आहे हे त्या नवऱ्याला कोण सांगणार? त्याला ते सांगणारी वकील हवी, नाही का?

आता डॉक्टरांची बाजू पण लिहिते, नाहीतर उद्या एखाद्या मैडम माझ्या दुकानात येऊन भांडतील. बहुतेक डॉक्टर दुष्ट नाहीत, घाबरलेले आहेत. दोन वेगळे कायदे आहेत, एक गर्भपाताला रीतसर परवानगी देणारा एमटीपी आणि एक गर्भलिंग तपासायला बंदी घालणारा 1994 चा पीसीपीएनडीटी. दुसऱ्याच्या नावाखाली पहिल्यालाही तपासणीवाले त्रास देतात, रजिस्टर मागतात, मग डॉक्टर म्हणतात नकोच ती कटकट. त्यात मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे पोलिसांना कळवावंच लागतं. सुप्रीम कोर्टाने 2022 मधे सांगितलंय की मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही, पण हे पोलीस ठाण्यात कोणाला माहिती असतं? आणि मुळात हा कायदासुद्धा बाईच्या इच्छेवर चालत नाही, डॉक्टरच्या मतावर चालतो. कायद्याबाहेर केलं तर तो आजही गुन्हा आहे, आधी आयपीसीत होता आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 मधे आहे, आणि बाई स्वतःसुद्धा त्यात येते. मग डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी नवऱ्याची सही मागतो. तेव्हा कायदा माहिती असलेला वकील डॉक्टरच्या बाजूनेही कामाचा असतो. आमच्या ताईंना दोन डॉक्टर बायका आता स्वतःहून फोन करून विचारतात की असं असं आहे, करू का.

सुप्रीम कोर्टाच्या त्याच 2022 च्या 29 सप्टेंबरच्या निकालावरून सद्गृहस्थांनी लिव-इन, लग्नाआधीची थेरं असं बरंच लिहिलंय. निकाल असा होता की पंचवीस वर्षांची एक अविवाहित मुलगी, बावीस आठवडे उलटलेले, जोडीदाराने लग्नाला नकार दिलेला, हायकोर्टाने तिला परवानगी दिली नाही, सुप्रीम कोर्टाने दिली. न्यायमूर्ती चंद्रचूडांच्या खंडपीठाने म्हटलं की चोवीस आठवड्यांची सवलत लग्न झालेलीला आणि न झालेलीला असा भेद करून देता येणार नाही. त्याच निकालात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारात धरली, आणि डॉक्टरांनी कायद्यात नाहीत त्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, घालू नयेत असंही बजावलं. हे शेवटचं वाक्य तर प्रत्येक विवाहित बाईच्या कामाचं आहे, ते सोडून यांना लिव-इनच दिसलं. आणि कोर्ट काही सरसकट हो म्हणत नाही. ऑक्टोबर 2023 मधे दोन मुलांची विवाहित आई, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार, गोळ्या चालू, सव्वीस आठवडे होऊन गेलेले, तिला त्याच कोर्टाने नाही म्हटलं. हे वाचून मला दोन दिवस चैन पडलं नव्हतं. लवकर कळलं असतं, लवकर कोणी हात धरून नेलं असतं, तर ती कोर्टापर्यंत गेलीच नसती, आणि उशीर बहुतेक वेळा त्या "पति को लेकर आओ" मधेच होतो.

समोर मुली बसल्या होत्या म्हणता? होत्या. आणि चहाच्या वेळी ताईंभोवती सगळ्यात जास्त गर्दी त्यांचीच होती, आपल्या वयाच्या बायका मात्र उसाचे तुकडे आणि बोरं पदरात घेऊन लांबून ऐकत होत्या, मी धरून.

सगळंच ताईंचं पटतं असं नाही. किटला पर्चा नको, कंडोमसारखी सरळ द्या, जगात बऱ्याच ठिकाणी बाया घरीच घेतात असं त्या म्हणतात, त्याला माझा विरोध आहे. काउंटरच्या अलीकडे मी बसते आणि काय काय परत येतं ते मी बघते. शिवाय त्या कलमांचे नंबर इतके भरभर बोलतात की साठीच्या बायकांचं लक्ष उडतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पण नसबंदीच्या बाबतीत त्यांनी जे सांगितलं ते ऐकून सगळा हॉल गप्प झाला. 2012 मधे बिहारमधे अररियाला एका शाळेत टॉर्चच्या उजेडात दोन तासांत 53 बायकांची ऑपरेशनं उरकली, 2014 मधे बिलासपूरला शिबिरात ऑपरेशन झालेल्या 13 बायका मेल्या. बिलासपूर म्हणजे 2000 पर्यंत आपल्याच राज्यातलं. देविका बिश्वास नावाच्या कार्यकर्तीने अररियावरून केलेली केस सुप्रीम कोर्टात गेली, 2016 मधे कोर्टाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. टारगेट पुरं करायला बायका आणि परवानगी मागायला नवरे, असा हा कारभार. तुमच्या सद्गृहस्थांना यातलं अभद्र काय वाटतं ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुमच्या पेपरामार्फत मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. एक तर ज्या नर्सिंग होमना गर्भपाताची सरकारी मान्यता आहे त्यांनी ते प्रमाणपत्र समोर लावलेलं असतं, त्याच्याच शेजारी मोठ्या अक्षरात लिहावं की अठरा वर्षांवरच्या बाईला पतीची सही लागत नाही. जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकारी (सीएमएचओ) साहेबांनी एक कागद काढला की होईल, याला बजेट लागत नाही. दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्यातच तसं आहे, हेल्पलाइन 15100. पण ते ऑफिस कोर्टात, आणि अडलेली बाई कोर्टात कशाला जाईल, ती दवाखान्याच्या पायरीवर बसलेली असते. तर आठवड्यातून एक दुपार त्यांच्या पॅनेलवरची एखादी महिला वकील सरकारी प्रसूतिगृहात टेबल-खुर्ची टाकून बसवा. आमच्या ताई बसायला तयार आहेत, मी विचारलंय. आणि फॉर्म सी तुमच्या रविवारच्या पुरवणीत एकदा जसाच्या तसा छापून द्या, कात्रण काउंटरच्या काचेखाली लावते, विक्सच्या डब्यांसमोर.

कळावे,
एक वाचक, मेडिकल दुकानदार
रामबाग, इंदूर

ता.क. पत्र लिहून झाल्यावर पीथमपूरच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक मुलगी गोळ्या घ्यायला आली, डॉक्टरचा पर्चा होता, सगळं रीतसर, पण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायचं म्हणत होती कारण पगार कापतात. आधी मातृत्व लाभ कायद्याच्या कलम 9 मधे होतं, नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, की गर्भपात आपोआप झालेला असो की डॉक्टरने केलेला असो, सहा आठवड्यांची पगारी सुट्टी आहे, मागच्या वर्षभरात तिथे 80 दिवस काम झालेलं असलं पाहिजे, आणि डॉक्टरचा दाखला जोडायचा. नसबंदीला दोन आठवडे आहेत. तिच्या एचआरवाल्याला हे ठाऊकच नव्हतं. कागद ताईंनी लिहून दिलाय. जागा असेल तर एवढं तरी छापाच, बाकी पत्र कापलंत तरी चालेल.